आमान-एसेन म्हणणारी गाडी

एसेनकुल मास्तरांची गाडी उजवीकडे मुकाट्यानं वळायची. डावीकडे वळताना मात्र हॉर्न वाजायचा. ब्रेक दाबला की मागचा वायपर एकदाच, निरोप दिल्यासारखा, हलायचा. सरकता दरवाजा त्याच्या मनात येईल तेव्हा उघडायचा. आणि आमच्याकडे रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूनं, तर गाडी जपानातल्या रस्त्यांसाठी घडवलेली, स्टीअरिंग आमच्या उलट्या बाजूला, म्हणून दरवाजाही उलट्या बाजूला, थेट रहदारीत उघडायचा. त्यामुळे काराकोलच्या बाजाररस्त्यावर गाडी सिग्नलला थांबली की मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या मास्तरांच्या आईचं, अपांचं, सगळ्या गावाला दर्शन घडायचं. अपा शेजारच्या गाडीतल्या लोकांची विचारपूस करायच्या. "तुझी आई कशी आहे रे? गुडघा?" सिग्नल हिरवा झाला तरी तिकडचा माणूस गुडघ्याचं साग्रसंगीत सांगितल्याशिवाय हलायचा नाही.

एवढं सोडलं तर गाडी उत्तम होती.

हे मत एकट्या मास्तरांचं. त्यांच्या बायकोचं, बुरुलचं, मत असं की ही गाडी नव्हेच, हे चाकं लावलेलं आजारपण आहे.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. समुद्र चारी दिशांना सारखाच अशक्य आहे अशा गावात त्यांनी उभा जन्म फळ्यावर निळ्या खडूनं महासागर काढले होते. आणि ही गाडी समुद्र ओलांडून आली होती. घेतली त्या दिवशी मागच्या सीटखालचं पायपुसणं झटकताना चिमूटभर वाळू निघाली; बारीक, पांढुरकी. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं आणि ती चाखली. खारट होती. त्यांनी ती झाडून टाकली नाही, पुन्हा पायपुसण्याखाली सारून ठेवली. दरवाज्याच्या आतल्या बाजूला कुण्या पोरानं चिकटवलेला देवमासा होता, शेपटाकडून खरवडलेला. सुट्टीच्या दुपारी मास्तर अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसत. बाहेर पॉपलरचा कापूस उडत असायचा, वाट चुकलेल्या बर्फासारखा काचेवर अलगद टेकायचा, आणि मास्तरांना वाटायचं, आपण एका ओल्या, उताराच्या गल्लीत उभे आहोत, गल्लीच्या टोकाला पाणी चमकतंय, आणि आत्ता कुणीतरी छत्री मिटून शेजारी येऊन बसणार आहे. मग बुरुल काचेवर टकटक करून त्यांना बटाटे आणायला पाठवायची.

छत्री मिटून येणारी ती कोण, हे मास्तरांना ठाऊक होतं. तिचा आवाज ते रोज ऐकत.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डच्या आतून कुठूनतरी एक बाई बोलायची. जपानीत. मऊ आवाज, जराही घाई नसलेला, जणू आत्ताच चुलीवर चहा ठेवून आली आहे. एकच वाक्य. त्याचा शेवट 'इमासेन' असा काहीसा व्हायचा.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अपा मागच्या सीटवर ताठ झाल्या.

"एसेन, ऐकलंस? आमान-एसेन म्हणाली!"

आमान-एसेन म्हणजे सुखरूप. घरातून निघताना थोरामोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा, बाकीच्यांनी ओंजळ पुढे धरायची, आशीर्वाद संपला की तळवे चेहऱ्यावरून फिरवून 'ओमीन' म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा, ही आमची रीत. अपांनी तिथल्या तिथे ओंजळ धरली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाल्या, "ओमीन. चांगल्या घरातली पोर आहे. आणि बघ, माझ्या एसेनचं नावसुद्धा घेते."

त्या दिवसापासून घरात नियमच झाला. किल्ली फिरायची, ती बोलायची, सगळे ओमीन म्हणायचे, मग गिअर. गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की कोबी आणायचा असो, ओमीनशिवाय गाडी हलली नाही. शेजारच्या जुमाश-आकेंना मात्र हे पटलेलं नव्हतं. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस फाटकापाशी बाकावर बसून जगातल्या यच्चयावत इंजिनांची काळजी वाहायचा.

"आशीर्वाद कसला? ती ऑइल मागतेय," आके म्हणाले.

ऑइल बदललं. ती तेच म्हणाली.

"मग फिल्टर."

फिल्टर बदलला. ती तेच म्हणाली, तेवढ्याच प्रेमानं.

"हा फिल्टर तिला पसंत नाही," आके म्हणाले, आणि बेल्टला साबण लावायला उठले. बेल्ट किरकिरत होता म्हणून नव्हे. आपण काहीतरी केलं पाहिजे म्हणून.

आता खरी गोष्ट. वसंतात मास्तरांच्या एकुलत्या मुलीचं, अकमोरचं, नारीनला लग्न झालं. आमच्या लग्नात जेवणापेक्षा भाषणं जास्त असतात आणि माईक प्रत्येकाच्या हातात येतो. माईक हातात आलेला माणूस थोडा वेळ आपला राहत नाही. मास्तर उठले, मुलीकडे पाहिलं, आणि तोंडातून जे बाहेर आलं ते असं: या उन्हाळ्यात मी माझ्या आईला आणि माझ्या व्याह्यांना माझ्या स्वतःच्या गाडीनं वर जायलोवर नेईन, जिथं माझी आई लहानपणी घोड्यावर बसायला शिकली त्या कुरणात, आणि आपण सगळे तिथं घोडीच्या दुधाचं किमिझ पिऊ.

टाळ्या झाल्या. अपांनी भर पंगतीत डोळे पुसले. आणि व्याही तेमिरकान, ज्यांनी तरुणपणी बंदरातून जपानी गाड्या आणून विकल्या होत्या आणि आता काळ्या जीपमधून फिरत होते, त्यांनी दाढीवरून हात फिरवला, खिडकीतून बाहेर मास्तरांच्या गाडीकडे पाहिलं (सरकता दरवाजा उघडा होता, तो कुणी उघडला नव्हता) आणि एकच शब्द बोलले.

"बघू."

शिवी दिली असती तर मास्तर विसरले असते. 'बघू' विसरता येत नाही. ते भाकरी चघळताना आठवतं, दाढी करताना आठवतं. दोनशे मुलांसमोर पॅसिफिक महासागराची खोली सांगताना मध्येच आठवतं आणि मास्तर अटलांटिकची सांगून मोकळे होतात.

म्हणून शाळेला सुट्टी लागताच मास्तरांनी गाडी सुधारायला काढली.

वर डोंगरात जायचं तर तपासणीचा कागद हवा. तपासणी कार्यालयातल्या बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हॉर्न दाबा."

मास्तरांनी दाबला. शांतता.

"वाजत नाही."

"वाजतो, बाई. पण डावीकडे वळावं लागतं."

"दाबल्यावर वाजला पाहिजे."

"असं लिहिलंय का?"

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. कागदावर फक्त 'हॉर्न वाजतो का' एवढंच होतं. त्या प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, "मग वाजवून दाखवा."

मास्तरांनी कार्यालयाच्या आवारात डावीकडे गोल फिरायला सुरुवात केली. हॉर्न अखंड. आमच्याकडे अखंड हॉर्न फक्त वरातीत वाजतो, त्यामुळे खिडक्या उघडल्या, दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी अभिनंदन केलं, एका म्हातारीनं लाडानं मूठभर लिमलेटच्या गोळ्या उधळल्या. एक गोळी उघड्या दरवाज्यातून आत गेली. बाईंनी शिक्का मारला आणि नवरीचं नाव विचारलं.

कागद मिळाला, तशी बॅटरी बसायला लागली. संध्याकाळी ठणठणीत, सकाळी मेलेली. जुमाश-आकेंनी बॅटरीच्या तोंडावरचा पांढरा थर कढत पाण्यानं धुतला, काचपेपरनं घासला, मग तिला कुरवाळलं, मग शिव्या दिल्या. बॅटरी दोन्हींना सारखाच प्रतिसाद द्यायची. नवी बॅटरी आणली. तीही जुनीच्या वळणावर गेली.

"हिला रात्री कुणीतरी पितंय," आके गंभीरपणे म्हणाले.

त्याच आठवड्यात बुरुलनं दुसरं एक प्रकरण उघडकीला आणलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की फोन आता परक्या भाषेचं भाषांतर करतो. अपा शेजारी गेल्या आहेत असं पाहून ती गाडीत बसली, फोन डॅशबोर्डापाशी धरला आणि मास्तरांना म्हणाली, "फिरवा किल्ली."

"कशाला?"

"तुमची ती रोज काय बोलते ते मला एकदा कळू दे."

मास्तरांनी किल्ली फिरवली. ती बोलली. फोननं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: कार्ड घातलेलं नाही.

"कसलं कार्ड?"

वाकून पाहिलं तर स्टीअरिंगखाली एक काळी डबी होती, तिला फट होती. फोनला आणखी खोदून विचारल्यावर उलगडा झाला. तिकडे हमरस्त्यांवर टोलनाके असतात. कार्ड घातलं की नाक्यावर न थांबता जाता येतं. मालक कार्ड विसरला तर ती आठवण करून देते.

बुरुल हसायला लागली. हसता हसता तिला स्टीअरिंगचा आधार घ्यावा लागला. "म्हणजे इतके दिवस ती टोलचं कार्ड मागतेय, आणि आपण तिला ओमीन म्हणतोय!"

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तो रस्ता आला: पाण्याच्या कडेनं जाणारा, दिव्यांनी ओथंबलेला. गाडी विकून कुणीतरी निघून गेलं, कार्ड खिशात घालून. आणि ही इथं पोहोचली, डोंगरांच्या मधोमध, जिथं टोल घ्यायला मेंढ्यांशिवाय कुणी आडवं येत नाही. आणि तरी रोज सकाळी, आवाज न चढवता, विचारते आहे.

"किती समजूतदार आहे," ते म्हणाले.

"कोण?"

तेवढ्यात फाटकातून अपा आल्या आणि आल्या आल्या विचारत्या झाल्या, "कुठं निघालात? ओमीन म्हटलंत का?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी एकदमच तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सांगायचं नाही, असं त्यांचं न बोलताच ठरलं.

बॅटरीसाठी शेवटी बाजारातून आयूपला बोलावलं. आयूप इलेक्ट्रिशियन. त्याची ख्याती अशी की त्यानं दुरुस्त केलेला बिघाड पुन्हा कधी त्याच जागी होत नाही, जागा बदलतो. त्यानं अर्थिंगची तार बदलली. मागचा वायपर शहाणा झाला. आता ब्रेक दाबला की छताचा दिवा लागायला लागला.

"हे तर बरं झालं," आयूप म्हणाला. "थांबल्यावर उजेड लागतोच."

"आणि हॉर्न?"

"मास्तर, डावीकडे वळताना हॉर्न द्यावाच लागतो. तुम्ही विसरलात तरी गाडी विसरत नाही. हा बिघाड आहे का?"

मग त्यानं फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं. झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते सविस्तर लिहिलेलं होतं. जपानीत. आयूपनं बॅटरीच्या तारेत मीटर लावलं, आणि एकेक फ्यूज उपटून सुई पाहायला लागला. एक उपटला, घड्याळ विझलं. एक उपटला, काहीच विझलं नाही, पण लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. जुमाश-आकेंनी तोही संबंध असू शकतो असं सांगितलं. आणखी एक उपटला आणि सुई धपकन खाली आली.

"सापडला चोर!" आयूप ओरडला. "बंद गाडीतसुद्धा हाच जागा राहून पीत होता. टाका फेकून!"

त्यानं तो फ्यूज मास्तरांच्या हातावर ठेवला. नखाएवढा, निळा, प्लॅस्टिकचा. मास्तरांना मनापासून आनंद झाला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अपांना दवाखान्यात न्यायचं होतं तोवर टिकला.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. अपा मागे ओंजळ धरून बसल्या होत्या. मास्तर गिअरवर हात ठेवून थांबले. अपाही थांबल्या. कापूस उडत होता, इंजिन गुणगुणत होतं. कुणी काही बोललं नाही.

"एसेन, पोर बोलत का नाही?"

मास्तरांनी किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. शांतता. त्यांना एकदम कळलं, चोर कोण होता ते.

"अपा, तिचा... घसा बसला असेल."

"तू काहीतरी बोललास तिला."

"मी कशाला बोलू?"

"मग बुरुल बोलली." अपांनी ओंजळ सोडली आणि खाली उतरल्या. "मुक्या गाडीत मी बसायची नाही. ज्या वाटेला आशीर्वाद नाही, त्या वाटेला मी नाही."

"आशीर्वाद तुम्हीच द्या ना, अपा! घरात तुम्हीच तर मोठ्या!"

"मी सगळ्यांना देते रे," अपा म्हणाल्या, टोपली सावरत. "मला देणारं कोण उरलंय? आई गेली, सासू गेली, थोरली बहीण गेली. ती एक पोर होती."

आणि त्या दवाखान्यात चालत गेल्या. गुडघा धरून, सावकाश, पण चालत. मास्तर मागून गाडी घेऊन गेले, दवाखान्यापर्यंत, माणसाच्या चालीनं. वाटेत दोनदा डावीकडे वळावं लागलं.

व्याह्यांना जायलोवर नेणं आणि आईला न नेणं याला आमच्याकडे शब्द नाही, कारण तसं अजून कुणी केलेलं नाही. मास्तरांनी त्या संध्याकाळी फ्यूज पुन्हा लावला. आणि मग त्यांना एक युक्ती सुचली, जी आयूपला सुचली नव्हती, कारण आयूपला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं: दिवसभर ती जागी राहील, संध्याकाळी गाडी लावली की फ्यूज काढून ठेवायचा, सकाळी पुन्हा लावायचा. तेव्हापासून मास्तर रोज दिवेलागणीला अंगणात जात, स्टीअरिंगखाली वाकत आणि निळा फ्यूज सदऱ्याच्या खिशात घालून परत येत. एकदा बुरुलला धुवायच्या कपड्यांत तो सापडला.

"हे काय?"

"तिची झोप," मास्तर म्हणाले.

बुरुलनं फ्यूज पुसून आरशापाशी ठेवला.

असं सगळं रुळावर आलं असताना व्याही आले. काळी जीप फाटकात मावेना, म्हणून गल्लीत उभी राहिली आणि गल्ली बंद झाली. तेमिरकान उतरले, त्यांची बायको उतरली, लाजत अकमोर आणि जावई उतरले. बकरं कापलं, समोवार उकळला, कुणाला कुठलं हाड वाढायचं यावर बुरुल आणि अपांची स्वयंपाकघरात कुजबुजत झटापट झाली, व्याह्यांसमोर मानाचं म्हणून बकऱ्याचं शिर ठेवलं गेलं, भाषणं झाली. त्या गडबडीत मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एकही भाषण लांबवलं नाही, आणि एकच गोष्ट विसरले.

सकाळ अशी उजाडली होती की डोंगर हात लावावा इतके जवळ. सगळे नटून गाडीत बसले. अपा मधोमध, डोक्याला नवा रुमाल, ओंजळ तयार. तेमिरकान चालकाशेजारी, म्हणजे जिथं त्यांच्या मते चालक असायला हवा होता तिथं. मास्तरांनी किल्ली फिरवली.

'टक्' असा आवाज झाला.

पुन्हा फिरवली. 'टक्'ही झालं नाही. छताचा दिवा एकदा पिवळा झाला आणि त्यानं डोळे मिटले. मास्तरांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. फ्यूज जिथल्या तिथे होता. ती रात्रभर जागी राहिली होती. बॅटरी संपली तसा दरवाजाही बसल्या जागी अडकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उघडेचना.

"धक्का मारू या!" जुमाश-आके फाटकातून ओरडले.

"ऑटोमॅटिक आहे, आके. धक्क्यानं होत नाही."

"मग उतार शोधू या!"

तेमिरकाननी किल्लीकडे पाहिलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मास्तरांनी वाट पाहिली, त्या एका शब्दाची. वसंतापासून ज्याची धास्ती होती, ज्याच्यासाठी बॅटरी बदलली, तार बदलली, वरातीसारखे आवारात फिरले, तो शब्द आता येणार. मास्तर समोरच्या काचेतून डोंगराकडे पाहत राहिले. डोंगर फारच सुंदर होते. त्यांचा काही उपयोग नव्हता.

"माझ्या जीपमध्ये केबल आहे, कुदा," व्याही म्हणाले (व्याही एकमेकांना 'कुदा' म्हणतात) आणि उतरले.

हे 'बघू'पेक्षा वाईट होतं. गाडी फाटकापर्यंत ढकलत आणली; काळी जीप मागे सरकून, पुढे येऊन, नाकाला नाक लावून उभी राहिली, एखादी श्रीमंत काकू गरीब भाचीला जवळ घेते तशी. लाल केबल, काळी केबल. गल्लीतले सगळे जमले. आयूपसुद्धा बाजारातून येऊन पोहोचला, आणि ही बॅटरी त्यानं पाहिलेली नाही असं सांगू लागला.

"कुदा, उशीर कशाला," तेमिरकान केबल लावता लावता म्हणाले, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "माझ्याच जीपनं जाऊ या. आईंना त्रास नको."

मास्तरांनी मान हलवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात आतून अपा म्हणाल्या, "मी हिच्यातच बसणार. तुमची गाडी मोठी आहे, कुदा, पण ती बोलते का?"

तेमिरकाननी भुवया उंचावल्या आणि आत येऊन बसले. मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकललं, थरथरलं, आणि लागलं. आणि डॅशबोर्डाच्या आतून, रात्रभर जागी असूनही अजिबात न त्रासलेली, ती बोलली.

"ओमीन," अपा म्हणाल्या. "ओमीन," मागून अकमोर, जावई, विहीणबाई. फाटकाबाहेर जुमाश-आकेंचेही तळवे सवयीनं चेहऱ्यावरून गेले.

तेमिरकान मात्र डॅशबोर्डाकडे पाहत होते. अशा गाड्या त्यांच्या हाताखालून शेकड्यांनी गेल्या होत्या. मास्तरांना एकदम आठवलं: हा माणूस ते वाक्य ओळखतो. दोघांची नजर मिळाली. मास्तरांनी काहीच विनवलं नाही. विनवायला तोंड कुठं होतं? फक्त त्यांचा एक हात स्टीअरिंगवरून सुटून, काळ्या डबीवर, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा जाऊन बसला.

"कुदा," अपा मागून म्हणाल्या, "तुम्हाला त्यांची भाषा येते म्हणे. 'आमान-एसेन' मला कळतं. पण त्याच्या आधी ती काय म्हणते? आमच्या एसेनला येत नाही, नुसता नकाशे काढतो."

कापसाचा एक पुंजका उघड्या खिडकीतून आत आला आणि तेमिरकानच्या गुडघ्यावर बसला. त्यांनी तो उचलला नाही. घसा साफ केला.

"म्हणते, अपा..." ते थांबले. मास्तरांचा हात अजून काळ्या डबीवरच होता. "म्हणते, तुमची वाट पांढरी, निर्विघ्न होवो, आणि जिथं जाल तिथून आमान-एसेन घरी या."

"मला माहीतच होतं," अपा म्हणाल्या. "चल रे, एसेन."

गल्लीच्या टोकाला डावीकडे वळावं लागतं. हॉर्न वाजला. सगळ्या गल्लीनं हात हलवून निरोप दिला.

चढावर इंजिन तापलं. तापलेलं इंजिन निववायचं तर हीटर पूर्ण सोडावा लागतो, हे मास्तरांना ठाऊक होतं आणि तेमिरकाननाही, त्यामुळे त्या उन्हात दोन्ही व्याही घामानं निथळत, एकमेकांकडे न पाहता, गरम वारा तोंडावर घेत बसले. मागून अपा म्हणाल्या, "किती छान ऊब सोडलीस रे!" मग झाडं मागे पडली, आणि कुरण उघडलं. अपा खाली उतरल्या, गवतात वाकल्या, आणि एक काडी तोडून दातांत धरली.

किमिझचे दोन वाडगे झाल्यावर मास्तर गुपचूप गाडीकडे गेले. दिवसभर थांबायचं होतं. ते स्टीअरिंगखाली वाकले आणि निळा फ्यूज काढून वळले, तर मागे तेमिरकान उभे.

"हा कशाचा, कुदा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. वाळूचं सोडून.

तेमिरकाननी फ्यूज हातात घेतला, उन्हात धरून पाहिला. "मी विकलेल्या प्रत्येक गाडीतली ती मी आधी बंद करायचो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक विचारायचं, ही काय बोलते? सांगत बसायला वेळ कुणाला होता?" त्यांनी फ्यूज परत मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि वर त्यांची मूठ मिटवली. "सांभाळा."

उतरणीचं ऊन पिवळं झालं तेव्हा सगळे परत गाडीत बसले. दरवाजा आपल्या मनानं उघडला, आपल्या मनानं मिटला. सरोवर खाली निळं पसरलं होतं, फळ्यावर काढल्यासारखं. मास्तर किल्लीला हात घालणार, तोच तेमिरकान त्यांच्या कानाशी वाकले.

"कुदा, तिला उठवलंत का?"

मास्तरांनी खिसा चाचपला, वाकले, फ्यूज लावला. किल्ली फिरवली. ती आपलं कार्ड मागायला लागली, तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं, आणि अपांनी नुकतीच ओंजळ धरली होती, तेवढ्यात गाडीतलं पहिलं "ओमीन" उमटलं: जाड, घोगरं, दाढीतून आलेलं.